मेमरी खाणारा गणपती आणि आमचे सबनीस

सबनीस देवळात गेले की घंटा वाजवायचे आणि लगेच टाचा उंचावून ती हाताने धरून थांबवायचे. नाद धड घुमूसुद्धा द्यायचे नाहीत. स्वतःच्या घंटेपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण मागून एखादी भाविक बाई आली, तिने घंटा वाजवली, की हे परत वळून तिचीही घंटा धरणार. देवळातल्या गुरुजींनी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "वाजवली आपण, मग थांबवायची कोणी? देवाने?"

आता अशा माणसाला काय म्हणायचं? मी तोंडावर म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी उच्छाद मांडला. आणि त्या गदारोळात आमचे सबनीस अंतरपाट धरणाऱ्या भटजींची बाही ओढून विचारतायत, "हा कुणाचा? परत कुणाकडे द्यायचा?" भटजी ऐकेनात, तर त्यांनी त्या कापडाची व्यवस्थित घडी घातली आणि जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत काखेत घेऊन हिंडले. शेवटी नवरीच्या मामांच्या हातात ते दिलं तेव्हा कुठे श्रीखंड घशाखाली उतरलं.

माझ्या घरी एकदाच आले होते. चहा पिता पिता एकदम उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि सिलिंडरचा नॉब बंद करून शांतपणे परत येऊन बसले. गॅसवर माझी डाळ होती! "दातेबाई, उघडा राहिला होता," असं वर मलाच ऐकवलं. पुन्हा त्या माणसाला मी घरी बोलावलं नाही.

आमचं ऑफिस पनवेलला टपाल नाक्याजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या माथ्यावर. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. जो तो कॉम्प्युटर घ्यायला निघाला होता, आणि घेतल्यावर त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मराठे सर अशा लोकांना प्रोग्रॅम करून विकायचे. शोभा ते प्रोग्रॅम लिहायची, विशेषतः पडद्यावर दिसतं ते सगळं: खिडक्या, बटणं, तक्ते. मी गिऱ्हाइकांकडे जाऊन शिकवायची. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणार शोभा, पैसे घेणार मराठे सर, आणि बिघडला की शिव्या खाणार मी.

सबनीस रसायनीच्या एका कारखान्यात कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर काम करून, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन आले होते. सरांनी त्यांना ठेवलं ते फक्त चुका शोधायला. वा! त्यांना तर पंचपक्वान्नाचं ताट आयतं समोर आल्यासारखं झालं. त्यांचं सारं लक्ष एकाच चुकीवर. त्यांनी मला ती पहिल्याच दिवशी समजावून सांगितली, मी विचारलेलं नसताना.

"दातेबाई, खिडकी रंगवायला प्रोग्रॅम काय करतो? कॉम्प्युटरकडे ब्रश मागतो. रेघ मारायला पेन मागतो. अक्षरांना फाँट मागतो. कॉम्प्युटर देतो. पण त्याच्याकडे असतात मोजकेच. काम झालं की परत द्यायचे. नाही दिले, की कोठार रिकामं होत जातं. कुणाला कळत नाही. सकाळी सगळं छान चाललेलं असतं, आणि दुपारी बटणांवरची नावं जातात, खिडकीच्या जागी काळा चौकोन येतो, मशीन बसतं."

"मेमरी लीक म्हणतात ना त्याला? गळती?"

"गळती म्हणू नका," सबनीस दुखावले. "गळती आपोआप होते. हे माणसाने केलेलं असतं. घेतलं आणि सोडलं नाही."

झालं! तेव्हापासून "घेतलंत? मग सोडा" हे दिवसभर कानावर. शोभाच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्या प्रत्येक ओळीला हेच. ती बिचारी मान खाली घालून "हो सर" म्हणायची. चूक सापडली की ऑफिसच्या मधोमध उभे राहून मोठ्याने नाव घ्यायचे, "शोभाताई, फाँट घेतलात, सोडला नाहीत!" खाली औषधं घ्यायला आलेली माणसं वर बघायची. माझंही नाव घ्यायचे, कारण मी पंखा चालू ठेवून जेवायला जायची. मराठे सरांनासुद्धा त्यांनी सोडलं नाही. फोनचा रिसीव्हर वाकडा ठेवला म्हणून आल्यागेल्यासमोर त्यांचा उद्धार केला. या बाबतीत माणूस समदर्शी होता, एवढं मान्य करायलाच हवं.

मग कळंबोलीचं प्रकरण उपटलं.

कळंबोलीला नामदेवशेठ म्हात्र्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा. पंचवीस-तीस ट्रक, एक टेबल, एक मुनीम, आणि आता आमचा कॉम्प्युटर. ट्रक निघाला की त्याच्या मालाचा कागद, म्हणजे बिल्टी, प्रोग्रॅममध्ये करायची. दर ट्रकला नवी खिडकी उघडायची, नावगाव भरायचं, छापायचं, बंद करायची. सकाळी उत्तम चालायचं. जेवणाच्या सुमाराला बटणं कोरी व्हायची, मग काळा चौकोन, मग ठप्प. तोवर बाहेर ट्रक रांगेत, ड्रायव्हर भोंगे वाजवतायत, आणि समोर खुर्चीवर बसलेली मी.

"काय बाय, तुमचा मशीन दुपारच्याला झोपतंय!" शेठ माझ्या अंगावर ओरडायचे. "आमी नाय झोपत, आमचे ड्रायव्हर नाय झोपत, याला काय झोप येतं?"

मी मशीन बंद करून पुन्हा चालू करून द्यायची. दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा. शेवटी शेठनी सरांना फोनवर बजावलं, "गणपती बसाच्या आत नीट करा. नायतर मशीन तुमचा तुमी घेऊन जावा, आणि कळंबोलीत दुसऱ्या कोणाकडं पाय ठेवू नका."

कळंबोली गेली म्हणजे आमचं दुकान बंद, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सरांनी आम्हाला सगळ्यांना समोर उभं केलं. "ज्याच्या चुकीने हे होतंय, त्याने चूक सापडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. सबनीस, मला नाव पाहिजे." सबनीस म्हणाले, "मिळेल." शोभाचा चेहरा पांढरा पडला. खिडक्या तर तिच्याच होत्या. तिच्या घरी आजारी आई आणि मिळवती ती एकटी, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण खरं सांगते, मला तेव्हा तिची दया आली नाही. भोंगे मी ऐकले होते. मलाही नाव पाहिजे होतं.

सबनीस कामाला लागले. शोभाची खिडकी घेतली आणि तिचा एकेक अवयव उतरवायला सुरुवात केली. आधी बटणं काढली आणि खिडकी उघड-मिट, उघड-मिट. कोपऱ्यात त्यांनी एक आकडा ठेवला होता, कोठारात किती शिल्लक आहे ते दाखवणारा. तो हलेना. मग तक्ता काढला. उघड-मिट. हलेना. मग अक्षरं. दिवसचे दिवस हा माणूस खिडकी उघडतोय आणि मिटतोय! आमच्या डोक्यावर मिरे वाटले. इतकं करून निष्कर्ष काय, तर "पनवेलला एकही थेंब जात नाही."

"मग कळंबोलीला काय पाणी वेगळं आहे?" मी म्हटलं.

ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. "चला," म्हणाले. "आत्ता." आणि जाताना माझ्या टेबलाचे खण नीट बंद करून घेतले.

कळंबोलीला त्यांनी तिथल्या पडद्याच्या कोपऱ्यातही तो आकडा लावला आणि मुनीमजींच्या शेजारी स्टुलावर बसले. मुनीमजी म्हातारे, कपाळाला गंध, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. सबनीस त्यांच्याकडे अशा संशयाने बघत होते, की मुनीमजींनी पेनं चाचपून पाहिली. ट्रक आला. मुनीमजींनी खिडकी उघडली, पडद्याला हात जोडले, बिल्टी केली, खिडकी बंद केली. आकडा उतरला. दुसरा ट्रक. खिडकी, हात जोडले, बिल्टी, बंद. आकडा आणखी उतरला.

"हात कुणाला जोडता?" सबनीसांनी विचारलं.

मुनीमजींनी बोट दाखवलं. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढा, शेंदरी गणपती.

"हा कधी आला?"

"आमीच बसवाला लावला," शेठ मागून म्हणाले. "गणपतीबिगर आमचा एक ट्रक निघत नाय. शोभाबाय आल्ती, हितंच बसून घालून दिला. का? गणपतीला काय झाला?"

सबनीसांनी उतरलेल्या आकड्याकडे बोट केलं. चित्र पनवेलच्या प्रोग्रॅममध्ये नव्हतंच, ते फक्त कळंबोलीच्या मशीनमध्ये होतं. दर ट्रकला नवा गणपती यायचा आणि कधी जायचाच नाही. दुपारपर्यंत कॉम्प्युटरच्या पोटात इतके गणपती बसायचे, की बटणांची नावं लिहायलाही जागा उरायची नाही. मला इतकं हसू आलं, की मी पदर तोंडाला लावून बाहेर ट्रकच्या आड गेले. हसण्यात राग निम्मा होता. महिनाभर मी शिव्या खाल्ल्या, त्या या नखाएवढ्या गणपतीपायी!

शेठच्या मशीनवरून सगळं फ्लॉपीवर घेऊन आम्ही परतलो. ऑफिसात सर नव्हते. शोभा एकटी होती. सबनीसांनी तिच्यासमोर तिचं लिहिलेलं उघडलं, आणि मी खुर्ची ओढून बसले. आता हे कसे गरजतात ते मला पाहायचं होतं.

ओळी स्वच्छ होत्या. ब्रश घेतला, सोडला. पेन घेतलं, सोडलं. फाँट घेतला, सोडला. गणपती घेतला. पुढे काही नाही.

"शोभाताई," सबनीस म्हणाले. आवाज अजून साधाच होता. "एवढं सगळं सोडलंत. हे विसरलात कसे?"

शोभाने कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाली, "विसरले नाही, सर."

"म्हणजे?"

"ती ओळ इंग्रजीत लिहायची ना. डिलीट, आणि पुढे गणपती." तिने पडद्यावरच्या गणपतीच्या ओळीवर बोट ठेवलं. "त्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं. कळंबोलीहून मी तशीच हॉस्पिटलात जाणार होते. हात चालेना. दीड दिवसाचा असतो घरी, त्यालासुद्धा आधी आरती करून, दही देऊन पाठवतो आम्ही. आणि मी दिवसातून दर ट्रकला त्याला... म्हटलं, आई घरी आली की लिहीन. मग भीतीच बसली. आता लिहिली आणि काही झालं तर?"

अहाहा! मी तोंड उघडलंच होतं. शिकलीसवरलेली, कॉम्प्युटरवाली मुलगी, आणि ही अक्कल! एका ओळीपायी शेठचा धंदा, आमचं ऑफिस, माझी इज्जत, सगळं पणाला. पण माझ्या आधी सबनीस बोलले.

"आई कशी आहे आता?"

या माणसाने कुणाच्या आईची चौकशी केलेली मी कधी ऐकली नव्हती. शोभाही गोंधळली. "बरी आहे. घरात हिंडतेफिरते."

"मग चांगलं केलंत," सबनीस म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी शोभाला उठवलं, स्वतः खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सकाळी प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच आणू. तोच सगळ्या खिडक्यांना दाखवू. प्रोग्रॅम बंद होताना एकदाच सोडायचा. ती ओळ मी लिहितो. तुम्ही तिकडे बघा." शोभा खरंच खिडकीबाहेर बघत उभी राहिली. सबनीसांनी ओळ लिहिली.

संध्याकाळी सर आले. "सापडली?" सापडली. "कोणाची?"

"दुरुस्त झाली," सबनीस म्हणाले.

"ते कळलं. नाव सांगा."

"तपासायला मला ठेवलंय. तपासणीतून सुटली, तेव्हा माझी. तुमच्या नियमाप्रमाणे उद्यापासून येत नाही."

सर लाल झाले, पिवळे झाले. पण दुसऱ्या दिवशी कळंबोलीचं मशीन संध्याकाळपर्यंत चाललं, आणि शेठचा फोन आला, "त्या सबनीसांना आमच्या गणपतीला जेवाला घेऊन येवा, नायतर तुमी पन येवू नका!" शेठनाच पाहिजे असलेल्या माणसाला घालवायची सरांची काय बिशाद? प्रकरण मिटलं. शोभाची नोकरी राहिली.

माझं काही मिटलं नव्हतं. मी सबनीसांना वडाळे तळ्याच्या रस्त्यावर गाठलं. "का हो, माझ्या पंख्यासाठी सगळ्या ऑफिसासमोर माझी लाज काढता! सरांना वाकड्या रिसीव्हरसाठी धारेवर धरता! आणि आमची नोकरी जायची वेळ आणणारीचं नाव घेताना दातखीळ बसली?"

ते चालतच राहिले. तळ्याच्या कठड्याशी थांबले, आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "दातेबाई, माझ्याकडे हिच्या अस्थी आहेत."

मला आधी समजलंच नाही. त्यांची बायको गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती, हे ऐकून होते. मूलबाळ नव्हतं.

"दहावा, तेरावा, सगळं यथासांग केलं. भटजी म्हणाले, नाशिकला जा. पण तिचं माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, समुद्राकाठचं. ती म्हणायची, मला मोऱ्याच्या पाण्यात सोडा. म्हटलं, जाऊ पुढच्या आठवड्यात. माळ्यावर ठेवल्यात, तांब्याच्या लोट्यात. रोज सकाळी ठरवतो, आज जायचं." मग हळूच म्हणाले, "सगळ्या जगाला सांगतो, सोडा. माझा स्वतःचा हात चालत नाही. त्या मुलीचं नाव कोणत्या तोंडाने घेणार होतो?"

माझ्या तोंडात खूप काही होतं. अस्थी घरात ठेवतात का? एवढा शिस्तीचा माणूस, आणि बायकोला माळ्यावर ठेवून बसलाय! पण ते तोंडातच राहिलं. मला त्या माणसाचं इतकं वाईट वाटलं, की मी रागावूनच म्हटलं, "येत्या रविवारी मी येते बरोबर. नाही म्हणायचं नाही. सकाळच्या उरण गाडीला स्टँडवर उभे राहा, नाहीतर मीच माळ्यावर चढेन."

ते आले. नव्या पांढऱ्या फडक्यात बांधलेला लोटा मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले. शेजारच्या माणसाच्या पिशवीची चेन उघडी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गव्हाण गेलं, उरण आलं. तिथून रिक्षाने मोऱ्याच्या धक्क्यावर. मासळी वाळत घातलेली, मुंबईची लाँच सुटण्याच्या बेतात. एका कोळणीने फडकं बघून ओळखलं. "हितं नको, बाय, चिखल हाय. त्या टोकाच्या पायरीवर जावा, तिथं पानी हाय," म्हणाली, आणि वाटेतली टोपली उचलून बाजूला घेतली.

टोकाच्या पायरीवर सबनीस उभे राहिले. उभेच राहिले. लाँच सुटली, तिच्या लाटा पायरीवर येऊन गेल्या. मी काही बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही जरा तिकडे बघा."

मी लाँचकडे बघत राहिले. पाण्याचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ कसलाच आवाज आला नाही.

वळले तेव्हा सबनीस वर येत होते. लोटाही पाण्यात गेला होता. दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले, पुन्हा पुढे आणले. मला ते बघवेना. मी माझी पिशवी त्यांच्यापुढे केली. "धरा जरा," म्हटलं, "जड आहे."

पिशवीत एक छत्री आणि पाण्याची बाटली होती. सबनीसांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि पार पनवेल येईपर्यंत मला परत दिली नाही. मीही मागितली नाही.